शेपटातलं इंजिन नगरला

तापमानाचा काटा लाल रेघेकडे सरळ निघाला, तसा मी फ्युएलचा स्विच खाली ओढला. पत्र्याच्या शेडमधलं मशीन घरघरत थांबलं. मुंबईहून आलेले तपासणी अधिकारी वहीत काहीतरी लिहायला लागले.

गोष्ट सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची. मी मूळचा नगर जिल्ह्यातल्या बेलापूरचा, नोकरीला मुंबईच्या विमानतळावर ग्राउंड इंजिनिअर. नगरच्या एका तांत्रिक शिक्षणसंस्थेला विमान मेकॅनिकचा कोर्स काढायचा होता. त्यासाठी आमच्या कंपनीने त्यांना एक एपीयू दिला आणि तो चालवून दाखवायला मला धाडलं. विमानात परत बसवायची त्याची मुदत संपली होती, पण जमिनीवर ठणठणीत चालायचा.

एपीयू म्हणजे विमानाच्या शेपटात लपवलेलं छोटं जेट इंजिन. हे विमान उडवत नाही. विमान जमिनीवर उभं असतं, मोठी इंजिनं बंद असतात, तेव्हा आतल्या दिव्यांना वीज हेच देतं. मोठं इंजिन सुरू करायला दाबाची हवा लागते, तीही हेच देतं. बॅटरी याला फिरवते, हे मोठ्याला फिरवतं. आकार म्हणाल तर तेलाच्या पिंपाएवढा. आतलं चाक मात्र मिनिटाला चाळीस हजार फेरे घेतं. मी रोज त्याच्याशी झटायचो, तरी हा आकडा सांगताना मलाच खरा वाटायचा नाही.

संस्थेचे मारुती मिस्तरी तर त्याच्या प्रेमातच पडले होते. राहुरीकडचा माणूस, साखर कारखान्यात कित्येक वर्षं हंगामी फिटर. त्यांना पहिल्याच दिवशी सगळं उमगलं.

"म्हंजी आमच्या कारखान्यावानीच की," ते म्हणाले. "हंगामाला बॉयलर पेटवायचा तर आदी डिझेल इंजिन लावावं लागतं. थोरल्याला उठवाया धाकटा आदी उठतो."

"अगदी तसंच, मिस्तरी."

"पर ह्यात वाफ न्हाई, पानी न्हाई?"

"नुसती हवा आणि रॉकेल."

"आमच्या स्टोव्हातलं रॉकेल?"

"त्याचंच भावंड. जरा जास्त गाळलेलं."

मग मिस्तरींनी त्या इंजिनाला लोखंडी स्टँड केला, रॉकेलची टाकी केली, रोज फडक्याने पुसायला लागले. कोर्स मंजूर झाला तर संस्था त्यांना कायम करणार होती. नाही झाला तर पुन्हा कारखान्यात, सहा महिने काम आणि सहा महिने घरी.

आणि त्या दिवशी, नेमकं कोर्सला मंजुरी द्यायला आलेल्या अधिकाऱ्यांसमोर, हे झालं.

"काय बिघडलं?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"हॉट स्टार्ट, साहेब. रॉकेल जास्त, हवा कमी."

यात हवा फक्त जाळायला लागत नाही. आतलं पोलाद थंड ठेवायलाही तीच लागते. ती कमी पडली की पाती वितळायला फार वेळ लागत नाही. मी ठरवून टाकलं की रॉकेल मोजून सोडणारा कंट्रोलच बिघडलाय.

"खोलावा लागेल. तीन तास लागतील."

"माझी जीप पाऊण तासात निघणार. मग 'चालला नाही' एवढंच लिहीन मी."

मी बाह्या सरसावल्या. "मिस्तरी, बारा नंबरचा पाना द्या."

पाना आला नाही. मान वर केली तर मिस्तरी भिंतीला टेकून उभे, चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नाही. मग ते सावकाश पुढे आले.

"सायेब, ते खोलू नका. त्येचा काय दोष न्हाई. काल दसरा हुता. म्या ह्येला सोनं वाह्यलं."

"मग?"

"वर ठिवलेलं वाऱ्यानं उडायला लागलं. म्हनून हवा घ्यायच्या तोंडात सारलं. सकाळी काढायचं इसरलो."

माझं डोकंच फिरलं. "अहो मिस्तरी, अक्कल..." एवढं बोललो आणि तिथंच गिळलं. कारण सुरू करण्याआधी त्या तोंडात हातातल्या बॅटरीचा उजेड मारून बघायचं, हा नियम माझा होता. खंडेनवमीची पूजा माझ्यासमोर झाली होती, गळ्यातला झेंडूचा हार सकाळी मीच उतरवला होता. परवा तोंड तपासलं होतं म्हणून आज वाकलो नव्हतो. नगर जिल्ह्यात लहानाचा मोठा होऊन दसऱ्यानंतर मशीन तपासायचं मला सुचू नये, म्हणजे कमाल झाली.

आत बॅटरी मारली. तोंडाच्या आत बारीक जाळी असते. तिच्यावर मूठभर आपट्याची पानं चपटी होऊन चिकटली होती. जाळीने पानं अडवली, पण पानांनी हवा अडवली होती. एकेक ओढून काढली. मागच्या बाजूने पाती पाहिली. शाबूत होती.

"एकदाच बघू," मी म्हणालो आणि स्विच दाबला.

आधी कण्हल्यासारखा आवाज. मग आत धप्प करून आग धरली. आवाज चढत गेला, शिटीसारखा झाला, आणखी बारीक झाला, शेवटी कानात नाही तर दातांत जाणवायला लागला. काटा थोडा वर गेला आणि शहाण्यासारखा खाली येऊन बसला. मागे शेडबाहेरचं लिंबाचं झाड गरम हवेत थरथरताना दिसत होतं. मी हवेचा व्हॉल्व्ह उघडला. टेबलावर बांधलेला मोठ्या इंजिनाचा स्टार्टर त्या नुसत्या हवेवर भिरभिरायला लागला. हजार वेळा पाहिलेलं, पण अंगावर काटा आलाच.

मिस्तरींनी हात जोडले होते. डोळ्यांतलं पाणी पुसायचंही त्यांना भान नव्हतं.

बंद केल्यावर अधिकाऱ्यांनी त्यांना विचारलं, "तुम्ही बोलला नसता तर पानांचं कुणाला कळलं असतं?"

"मशीनला कळलं हुतं की, सायेब."

अधिकारी हसले नाहीत. वही मिटून जीपकडे गेले.

महिन्याभराने अहवाल आला. कोर्स मंजूर, मिस्तरी कायम. अहवालात एकच आक्षेप होता, तो माझ्यावर. 'इंजिनिअरने सुरू करण्यापूर्वीची तपासणी केली नाही.' कंपनीने मेमो दिला. मी तो मुकाट्याने घेतला, कारण शब्द न् शब्द खरा होता. आमच्या तपासणीच्या कागदावर सहीशेजारी तारीख घालायला जागा असते. 'परवा पाहिलं होतं' असं लिहायला नसते.