आमच्या घरचं कीबोर्ड-आंदोलन

"हळू बोल बे, वहिनी आयकन! तिले वाटन, चोराच्याच घरी पडली आपण."

लग्नाला दोन महिने झाले होते आणि सलीमभाईंचं हे वाक्य मला स्वयंपाकघरात ऐकू आलं. तेव्हापासून ओट्याशी उभ्या उभ्या इतके किस्से जमलेत की आता पोटात मावत नाहीत.

आमच्या वडसा गावातल्या घरी दर रविवारी तिघं जमतात. माझा नवरा सुधीर कम्प्युटर क्लास घेतो, सलीमभाईंचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, धोटेसर शाळेत. मोबाईलवर झाडीबोली आणि गोंडी लिहिता यावी म्हणून तिघांनी कीबोर्ड बनवून फुकट वाटला. अट एकच. कोणीही घ्या, बदला, पण बनवणाऱ्यांची नावं ठेवा. एका कंपनीने घेतला, नावं पुसली, विकायला काढला. वर ॲप स्टोअरकडे तक्रार, की यांनीच आमचा चोरला! सलीमभाईंचं ते 'हळू बोल' त्याच दिवशीचं. आमचा कीबोर्ड स्टोअरवरून गायब. भामरागडच्या नर्सबाई त्यावर गोंडीत निरोप लिहायच्या. नवा फोन घेतल्यावर त्यांनी विचारलं, "भाऊ, आता मी कशावर लिहू?"

मग आंदोलन! सरांनी फ्लेक्स केला, 'सॉफ्टवेअर-चोरी बंद करा!' केला क्रॅक मारलेल्या, म्हणजे चोरीच्याच सॉफ्टवेअरवर. चौकात लागल्यावर दिसलं, मधोमध पुसट अक्षरांत 'ट्रायल व्हर्जन'.

"दुरून दिसत नाई," सर म्हणाले.

मी भाजीला दुसऱ्या रस्त्याने जाऊ लागले.

पुण्याच्या फ्री सॉफ्टवेअरवाल्यांनी मदतीसाठी व्हिडिओ कॉल लावला. "फुकट वाटायला हेच लायसन्स का निवडलंत?"

"सगळ्यात लांब होतं," नवरा म्हणाला. "वजनदार वाटलं."

"वाचलंत ना?"

तिघांनी एकदम चहाचे कप तोंडाला लावले. कप रिकामे होते. मीच भरले नव्हते.

कंपनीच्या वकिलाचा फोन येणार होता. "झापतोच त्याले!" धोटेसर आठवडाभर सांगत होते. फोन वाजला, सर चक्क उभे राहिले. "नमस्कार साहेब! जेवण झालं का?"

वकील एवढंच म्हणाला, कीबोर्ड मुळापासून तुमचाच आहे हे दाखवा.

रविवारी तिघं उत्तर लिहायला बसले. मी चिवडा घेऊन आले, तर नवरा मान खाजवत होता. "मुळापासून नाई ना पण. सिरोंच्याच्या एका माणसानं तेलुगूचा बनवला होता, फुकट. त्याच्यावरच आपण अक्षरं बसवली."

"मंग त्याचं नाव कुठी आहे?" सरांनी विचारलं.

"काढलं. आपली तीन मावत नव्हती."

माझे कान तापले. नर्सबाईंना आदल्याच दिवशी मी फोनवर सांगितलं होतं, आमचे हे खरे आहेत.

"जाऊ दे ना भाऊ!" सलीमभाई म्हणाले. "सिरोंच्यात त्याले कोण सांगते?"

सरांनी मान डोलावली. नवऱ्यानेही, माझ्याकडे न बघता.

मी ताट खाली ठेवलं.

"कंपनीतही कोणी म्हटलंच असन," मी म्हणाले, "वडस्यात त्याईले कोण सांगते!"