पाचव्या ओळीचा वास

पॉलिहाऊसमध्ये थोरलीला सगळे नाकवाली म्हणायचे. आधी टिंगल म्हणून, नंतर सवयीनं. बावीस वर्षं ती एकच काम करत आली होती. टोमॅटोच्या बगलेतले फुटवे कात्रीनं काढायचे, खोड दोरीला गुंडाळायचं, पुढच्या झाडाकडे सरकायचं. संध्याकाळी नळावर हात धुतले की साबणाचा फेस पिवळाहिरवा व्हायचा आणि बोटं तरी काळी ती काळीच. नवरा म्हणायचा, "तू दार उघडायच्या आधी तुझा वास घरात येतो." ती म्हणायची, "मग तेवढ्यात चहा टाकत जा."

मुलाला ताप चढणार हे तिला थर्मामीटरच्या आधी कळायचं. दूध नासायच्या बेतात आहे, शेगडीची नळी सैल झालीय, शेजारच्या खोलीत कुणी रडलंय, हेसुद्धा. नाक इतकं कामाचं, की रागही तिथेच मुक्कामाला असायचा.

त्या सोमवारी ती पाचव्या ओळीत शिरली आणि थांबली. या ओळीतली रोपं नवी होती, बाहेरून आणून लावलेली. टोमॅटोचा नेहमीचा उग्र वास होताच, पण त्याच्या खालून दुसरा काहीतरी येत होता. कच्च्या सफरचंदासारखा, गोडसर, जरा टोचणारा. खालची पानं तिनं उलटी करून पाहिली. टाचणीच्या डोक्याएवढे काळे ठिपके.

तिनं सुपरवायझरला हाक मारली. तो फोनवर बोलतच आला.

"साहेब, ही ओळ बिघडलीय. वास बघा."

"खताच्या पाण्याचा असेल."

"खताचा वास मला कळत नाही का? आणि हे ठिपके?"

"नाकवाली, तुझं नाक कापून प्रयोगशाळेत ठेवायला हवं. वासाचा एवढा त्रास होतो ना, पंखे फुल लावतो. बस?"

दहावी ओळ ओलांडली की पलीकडच्या भिंतीत मोठे पंखे होते. ते घरघरले. दारातून आत आलेली हवा पहिल्या ओळीपासून सरकत निघाली आणि पाचवीचा वास उचलून सहावी, सातवी, आठवीवरून पुढे ओढत गेली. थोरली मुकाट्यानं कामाला लागली. पाचवीपासून दहावीपर्यंत, प्रत्येक झाडानंतर कात्री औषधाच्या पाण्यात बुडवून. पहिल्या चार ओळी धाकटीकडे होत्या. धाकटी म्हणजे तिची जाऊ. थोरलीनंच तिला इथे कामाला लावलं होतं.

मंगळवारी ऊन मी म्हणत होतं. सुपरवायझरनं धाकटीला वरच्या फवाऱ्याचा कॉक उघडायला लावला आणि चार तास तो तसाच ठेवला. दहाही ओळी निथळत राहिल्या. पानं भिजली की रोगाला पाय फुटतात, हे तिथे झाडू मारणाऱ्यालाही ठाऊक होतं. थोरली त्या दिवशी मुलाच्या शाळेत गेली होती. तिला यातलं काहीच कळलं नाही. धाकटीनं सांगितलं नाही.

दहा दिवसांनी सुपरवायझरनं एक कागद तिच्यापुढे धरला. कात्री औषधात न बुडवता वापरल्यामुळे माझ्या हातून रोग पसरला, असं त्यावर लिहिलं होतं. खाली सहीची जागा.

"सही कर आणि पॅकिंगला जा. नाहीतर घरी बस."

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "बावीस वर्षांत एक झाड दाखवा माझ्या हातचं मेलेलं!"

"रोग पाचवीत दिसला. पाचवी तुझी. विषय संपला."

तिनं धाकटीकडे पाहिलं. धाकटी क्रेटला चिकटलेली माती नखानं खरवडत होती. इतकी मन लावून, जणू तिला त्याचाच पगार मिळतो.

"सही करणार नाही," थोरली म्हणाली. "मालकांना बोलवा."

मालक आले नाहीत. त्यांनी झाडांची डॉक्टरीण पाठवली. बुटकी, चिखलाचे बूट घातलेली बाई. ती कुणाशी न बोलता सगळ्या ओळी फिरली. पहिल्या चार ओळींची पानं ठिपक्यांनी काळवंडून गेली होती, पाचवी अर्धी वाळलेली. सहावीपासून पुढे मात्र पान न् पान स्वच्छ. ती पुन्हा मागे आली, पुन्हा पुढे गेली.

"सहावीपासून वेगळं काय फवारलंत?"

"काही नाही," सुपरवायझर म्हणाला.

"बाई," थोरली मध्येच म्हणाली, "पाचवीला वास सुटला होता. यांनी पंखे लावले. वास तिकडे गेला."

सुपरवायझर हसला. डॉक्टरीण हसली नाही. "कसा वास?"

थोरलीनं सांगितला. डॉक्टरीण मान हलवत ऐकत राहिली. मग एक पान तोडून तिनं उजेडात धरलं. "पानाला बारीक छिद्रं असतात, श्वास घ्यायला. हे जंतू पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर उडतात आणि ओल्या पानावरून तिथूनच आत घुसतात. झाड त्यांच्याशी झगडायला लागलं की असले वास सोडतं. ते हवेतून शेजारच्या झाडापर्यंत पोचले, की तेही आपली छिद्रं मिटून घेतं. सहावीपासूनच्या ओळी दारं लावून बसल्या असणार. पहिल्या चारींना कुणी सांगितलंच नाही, वारा उलटा होता."

थोरलीचा आवाज चढला.

"मग माझ्या कात्रीनं रोग नेला असता, तर तो छिद्रातून कशाला जाईल? मी झाडाला जखम करते, बाई! तो सरळ जखमेतून आत शिरला असता. छिद्रं मिटून काय उपयोग? पाचवीनंतर माझी कात्री सहावीलाच लागली. सहावी सगळ्यात आधी मेली असती!"

"बरोबर," डॉक्टरीण म्हणाली. "पण पहिल्या चार ओळींत रोग शिरायला पानं भिजायला हवीत. ती भिजली कशी?"

सुपरवायझरनं क्षणाचाही वेळ घालवला नाही. "पहिल्या चार हिच्याकडे आहेत," त्यानं धाकटीकडे बोट केलं. "हिनंच काहीतरी घोळ घातला असेल."

आता मात्र धाकटीच्या तोंडाचं कुलूप गळून पडलं. "मी? फवारा कुणी सोडायला लावला? चार तास! मी दोनदा विचारलं बंद करू का, तुम्ही म्हणालात, शहाणपणा नको!"

डॉक्टरणीनं वहीत लिहून घेतलं, तारीख विचारली आणि ती गेली.

"झालं ते झालं," सुपरवायझर थोरलीला म्हणाला. "जा, कामाला लाग."

"आधी लिहून द्या."

"काय?"

"माझा दोष आहे हे लिहायला हात वळला ना? आता नाही हे लिहा." ती ओळींच्या तोंडाशी क्रेट पालथा घालून बसली. जेवणाची सुट्टी झाली, संपली, ती हलली नाही. शेवटी त्यानं लिहिलं: कात्रीमुळे रोग पसरला असावा असे वाटत नाही. तिनं कागद परत दिला. "वाटायचं काय त्यात? पसरला नाही, असं लिहा. खाली सही." त्यानं दात आवळून तेही लिहिलं.

घरी जाताना धाकटी दोन पावलं मागून येत होती. रस्ता बराच सरला तेव्हा म्हणाली, "ताई, रागावलात?"

"हो."

"मला भीती वाटली हो. काम गेलं असतं तर..."

"माझं जात होतं तेव्हा नाही वाटली?"

धाकटीला रडू आलं. थोरलीनं मागे वळून पाहिलं नाही. तिला त्या रडण्याचाही राग आला, आणि आपल्याला ते ऐकू येतं याचाही.

"ताई, उद्या काय करायचंय?"

"पाचही ओळी उपटायच्यात. तू पहिलीपासून लाग, मी पाचवीपासून. तिसरीत गाठ पडेल. तोवर तोंड उघडू नकोस. तसंही तुला छान जमतं ते."