पित्तराचा पाट

मलकापूरला कॉलेजात असताना आम्ही दोघे मित्र एका खोलीत राहायचो. अधूनमधून माझे वडील गावाहून एसटीनं डबा घेऊन यायचे. वांग्याची भाजी आधी मित्राच्या ताटात पडायची. त्याला म्हणायचे, "घे बाप्पा, अजून घे." मी नाक मुरडलं की मला, "चुपचाप खाय बे." तेव्हापासून माझ्या पोटात दुखतंय, आणि आता आमची दोघांचीही पन्नाशी उलटली.

पुढे मी नोकरीसाठी पुण्याला गेलो, तो मलकापुरातच शिक्षक झाला. वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं तेही मला त्याच्याकडूनच कळलं. मी फोन करावा तर वडील त्याचंच कौतुक ऐकवायचे. माणूस जिवाला जीव देणारा, नाही म्हणत नाही. पण माझ्या बापाचा लाडका तो होता, हे मला कधीच पचलं नाही.

वडील गेल्यावरचं हे पहिलं पित्तर, पितृपक्षातलं श्राद्ध. आमच्याकडे त्या दिवशी एका माणसाला गेलेल्याच्या जागी पाटावर बसवतात. मुलानं त्याचे पाय धुवायचे, टोपी-दुपट्टा द्यायचा, आणि तो जेवल्यावरच घरच्यांनी जेवायचं. मी मामांना बोलावणार होतो.

आई म्हणाली, "त्यालेच बसव. तुह्या बापाले आवडन."

"माझ्या वयाचा माणूस कुठं पित्तर बसतो?" मी म्हटलं. ती वडे तळत राहिली.

म्हणजे आता बापाची जागाही त्यालाच. पाय धुवायला मी मुद्दाम माठातलं गार पाणी घेतलं. त्यानं पाय मागे घेतले नाहीत. डोक्यावर टोपी चढवली, ताट वाढलं, कढी निवायला लागली, तरी त्याचा हात काही हलेना.

"काऊन? काय झालं?" मी विचारलं.

"तुले रागवायचे तसे मले कधी रागावले नाहीत बे," तो खाली बघत म्हणाला. "एवढा येत-जात राह्यलो, पण पाहुणाच राह्यलो. तुले बोलायचे ना, मी लई जळायचो."

त्याच्या डोळ्यांतलं पाणी ताटात पडलं. आई दारात पदर तोंडाला लावून उभी होती. वडिलांचं निव्वळ माझं असं तेवढंच होतं, आणि आता तेही त्याला द्यायची वेळ आली होती.

मी वडा त्याच्या ताटात टाकला आणि म्हणालो, "चुपचाप खाय बे."

तो खाऊ लागला.