अर्थिंगच्या खड्ड्यावरची आंघोळ

तक्रारअर्ज एका पानाचा होता आणि त्यात मुद्दा एकच होता. कोकरेवाडीच्या टेलिफोन एक्स्चेंजवरचा लाइनमन रोज सकाळी कामाच्या वेळेत एक्स्चेंजच्या मागे उघड्यावर आंघोळ करतो. गावच्या आयाबाया त्याच वाटेने टँकरच्या पाण्याला जातात. तरी योग्य ती कारवाई व्हावी. खाली वळणदार अक्षरात सही होती: नानासो माने, निवृत्त शिक्षक व फोनधारक.

१९९६ चा एप्रिल होता. विट्याला टेलिफोन खात्यात जेटीओ, म्हणजे कनिष्ठ अधिकारी, म्हणून रुजू होऊन मला सात महिने झाले होते. ज्यांच्याविरुद्ध तक्रार होती त्या जोतिबा शेडग्यांचा बदलीचा अर्जही त्याच आठवड्यात माझ्या टेबलावर आला होता. तो त्यांचा चार वर्षांतला पाचवा अर्ज. शेडगे वाईजवळच्या एका गावचे. घरामागून कृष्णा वाहते. घरी बायको रंगुबाई एकटी. तिचा एक डोळा मोतीबिंदूने गेल्यातच जमा होता आणि दुसऱ्यातही पडदा उतरत होता. "तरी माझी बदली सातारा बाजूस व्हावी," एवढंच ते दर वेळी लिहून घ्यायचे.

आमचे मोठे साहेब दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून म्हणाले, "तक्रार निकालात निघाल्याशिवाय बदलीचा अर्ज पुढं जात नाही. जाऊन बघून ये. रिपोर्ट दे."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने मी कोकरेवाडीला उतरलो. गावात एकशे चाळीस उंबरे आणि अकरा फोन. फोन असलेल्या बहुतेक घरांतली माणसं गलाईच्या धंद्यात, म्हणजे सोनं गाळण्याच्या कामात लांबलांबच्या शहरांत होती. कुणी कोइमतूरला, कुणी लखनौला. बाकीची घरं मेंढरांमागे जाणारी, थोडी शेती करणारी. एक्स्चेंज म्हणजे दोन खोल्यांची पत्र्याची इमारत. एकीत कपाटाएवढं यंत्र, दुसरीत शेडगे राहायचे.

मी मागे वळलो तर शेडगे पट्ट्यापट्ट्याची चड्डी घालून एका सपाट दगडावर बसले होते. समोर एक कळशी. तांब्या अर्धाच भरून ते पाणी खांद्यावरून असं सावकाश सोडत होते की जणू औषध मोजून घेत आहेत. वय बावन्न, पण पाठीची हाडं मोजता येत होती.

"आलात व्हय, सायेब?" ते न उठता म्हणाले. "वाईच थांबा. दोन तांबं ऱ्हायल्यात."

"शेडगेमामा, आत न्हाणीघर नाही का?"

"हाय की. पर त्येचं पानी पलीकडं रस्त्यात जातंय. रस्त्याला फोन हाय काय?"

मला कळलं नाही. त्यांनी उरलेलं पाणी अंगावर ओतलं, धोतराने अंग पुसलं आणि दगड बाजूला सरकवला. खाली खड्डा होता. काळा कोळसा, मिठाचे ओले थर, मधोमध लोखंडी नळी आणि तिला जोडलेली तांब्याची जाड पट्टी भिंतीतून आत गेलेली. मी ज्याच्याबद्दल कॉलेजात पानभर उत्तर लिहून पूर्ण मार्क मिळवले होते ते एक्स्चेंजचं अर्थिंग माझ्यासमोर होतं, आणि त्याला साबणाचा वास येत होता.

एक्स्चेंजला जमिनीशी पक्की जोड लागते. ती जोड ओल्या मातीतून मिळते. माती वाळली की सगळ्या फोनवर घरघर सुरू होते, बोलणं तुटतं, विट्याचा नंबर लागत नाही. उत्तरात मी लिहिलं होतं, 'खड्ड्यात नियमित पाणी घालावे.' ते कुठून आणावे, हा प्रश्न परीक्षेत नव्हता.

"पयल्या उन्हाळ्यात मी टँकरचं पानी घातलं," शेडगे चहा ठेवत सांगू लागले. "दोन घागरी. बायांनी तिसऱ्या दिवशी घागर काढून घेतली हातातली. म्हनल्या, आमच्या लेकरास्नी प्यायला न्हाई आनि तू खड्ड्याला पाजतूस? खरंच हाय की. मग माज्या वाटणीची कळशी येती तीच घालाय लागलो. आंघूळ बंद केली. आठ दिसात अंगाला खरूज आली. मग म्हनलं, दोन्ही कामं एकाच पान्यात करू."

"किती वर्षं?"

"हा चौथा उन्हाळा."

मी पिशवीतून मीटर काढलं आणि अर्थिंग मोजलं. हा आकडा जितका कमी तितकी जोड पक्की, आणि तो इतका चांगला होता की मी पुन्हा मोजलं. विट्याच्या मुख्य एक्स्चेंजचाही एवढा चांगला नव्हता. मला वाटलं, हे नीट सिद्ध करायला हवं. रिपोर्टात आकडे हवेत, ओल्याचे आणि कोरड्याचे.

"मामा, चार दिवस इथं पाणी घालू नका. आत आंघोळ करा. मी रविवारी येऊन पुन्हा मोजतो."

"आयतवारी फोन येत्यात लोकांचं," ते म्हणाले. मग म्हणाले, "बरं. तुमी म्हनाल तसं."

रविवारी आकडा सहापट चढला होता. मी तो वहीत लिहीत होतो तेवढ्यात नानासो मान्यांच्या घरातून बोलावणं आलं. त्यांचं घर एक्स्चेंजला लागून, मध्ये फक्त एक बोळ. ओट्यावर एक म्हातारी पदराने वारा घेत बसली होती. धोंडुबाई. मेंढरं राखणाऱ्यांच्या वस्तीवरून चार किलोमीटर चालत आली होती, कारण तिचा मुलगा अमृत कोइमतूरला नानासोंच्या मुलाच्या दुकानात कामाला होता आणि रविवारी अकराला त्याचा फोन यायचा. गेल्या महिन्यात भट्टीवर त्याचा हात भाजला होता. हात कसा आहे, एवढं तिला विचारायचं होतं.

फोन वाजला. नानासोंनी उचलला आणि चेहरा आक्रसून तिच्याकडे दिला.

"आमरूत," ती ओरडली. "आरं हात कसा हाय? हात. काय? गिरन लागलीया का रं तिकडं? आयकू येत न्हाई गड्या. हात म्हनते मी, हात."

तिने रिसीव्हर कानापासून लांब धरला. पाच फुटांवरून मला घरघर ऐकू येत होती. मग ती घरघरही थांबली. धोंडुबाईने रिसीव्हर उलटा करून आत बघितलं आणि तो नानासोंच्या हातात दिला.

"कटला," ती म्हणाली. "हात बरा हाय म्हनला का तोडलाय म्हनला, काय कळलं न्हाई."

नानासो माझ्यावर घसरले. "बघा साहेब. चार दिवस हे असं चाललंय. तुमचा माणूस काय करतो इथं?"

"मागं आंघोळ करत नाही," मी म्हणालो. "तुमच्या अर्जामुळं मीच बंद केलीय."

मग मी सगळं सांगितलं. दगड, खड्डा, कोळसा, ओल. नानासो शिक्षक होते, त्यांना पटकन समजलं आणि समजल्यावर ते जास्तच अवघडले.

"म्हणजे माझा फोन त्याच्या आंघोळीवर चालतो म्हणता?"

"अकराही चालतात."

धोंडुबाई उठून उभी राहिली. "मग न्हाऊ द्या की त्याला, गुरुजी. आमी बाया दुसरीकडं बघत जाऊ. तसं बी काय बघन्यासारखं ऱ्हायलंय त्येचं?"

बोळाच्या तोंडाशी उभे असलेले शेडगे खाली बघून हसले. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. त्या दिवशी धोंडुबाईने, तिथल्या सगळ्यात गरीब बाईने, टँकरवर भरून घेतलेल्या आपल्या घागरीतलं दोन तांबे पाणी खड्ड्यात ओतलं आणि दुपारी दोनला नानासोंनी स्वतः नंबर फिरवून कोइमतूर लावून दिलं. हात बरा होता. नानासोंनी तक्रार मागे घेत असल्याचं लिहून दिलं आणि खड्ड्याभोवती तरटाचा आडोसा बांधायला आपल्या घरची दोन पोती दिली.

मी विट्याला परत आलो तो भारावून. रिपोर्ट अडीच पानांचा झाला. ओले-कोरडे आकडे, तक्ता, आकृती. शेवटी लिहिलं की श्री. शेडगे यांच्या स्थानिक जाणकारीमुळे आणि वैयक्तिक कष्टांमुळेच हे एक्स्चेंज दुष्काळातही अखंड सुरू आहे, तरी त्यांच्या बदलीच्या अर्जाचा सहानुभूतीने विचार व्हावा. ते वाक्य मी तीनदा सुधारलं होतं.

वरच्या कचेरीचं उत्तर पाच आठवड्यांनी आलं. माझंच वाक्य त्यांनी वापरलं होतं. सदर कर्मचाऱ्याच्या स्थानिक जाणकारीमुळे व वैयक्तिक कष्टांमुळे एक्स्चेंज अखंड सुरू असल्याने जनहितार्थ त्यांची बदली तूर्त करता येत नाही.

ते पत्र घेऊन जाताना एस.टी.त मी खिडकीबाहेर बघत बसलो. माळावर मेंढरं सावली शोधत विजेच्या खांबांच्या ओळीने उभी होती, एकेका खांबाच्या बारीक सावलीत एकेक.

शेडग्यांना वाचता येत होतं, पण चष्मा नव्हता. मी वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं.

"ह्ये कष्टाचं कुनी ल्हिलं?"

"मी."

"चांगलं ल्हिलंय," ते म्हणाले. "आता रंगूला काय सांगू? लय चांगलं काम करतो म्हनून येत न्हाई?"

ते उठले, कळशी उचलली आणि तरटाच्या आडोशाला गेले. पाण्याचा आवाज आला. थोडा थोडा, थांबून थांबून.

तो आवाज ऐकत असतानाच मला बोळाच्या पलीकडून दुसरा आवाज आला. नानासोंच्या मोरीत कुणीतरी बादलीभर पाणी भडाभडा ओतत होतं. त्यांच्या घरात सात माणसं. सात जणांचं मोरीचं पाणी भिंतीतल्या भोकातून बाहेर येत होतं आणि परसातल्या शेवग्याच्या बुंध्याशी जिरत होतं. बुंध्यापासून खड्डा पंधरा पावलांवर होता. मी हे दोनदा येऊन पाहिलं होतं आणि पाहिलं नव्हतं. एका माणसाकडे कौतुकाने बघता बघता मी पाण्याकडे बघायचं विसरलो होतो.

नानासो आधी तयार होईनात. "साहेब, दोन वर्षांनी आत्ता कुठं शेंगा धरल्यात. झाडाच्या तोंडचं पाणी काढून फोनला देऊ?"

"एक दिवस झाडाला, एक दिवस फोनला."

"आणि विसरलो तर?"

"मग रविवारी घरघर येईल. आपोआप आठवेल."

आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "द्या की आवं. शेंगा काय कोइमतूरला बोलनार हायत?"

विट्याच्या गोदामात केबल घालायच्या पाइपचे तुकडे पडून होते. मी आणि शेडग्यांनी दोन दिवस चर खणून ते बसवले. पाइपला दोन तोंडं ठेवली, एक झाडाकडे, एक खड्ड्याकडे. नको त्या तोंडात चिंध्यांचा बोळा घालायचा. खणताना शेडगे मध्येच कुदळीवर हात ठेवून उभे राहायचे, दमले म्हणून की विचारात, सांगता येत नव्हतं.

"मी गेल्यावर ह्यो बोळा कोन बदलील?" त्यांनी एकदा विचारलं.

"गुरुजी."

"मग ठीक हाय. वर्गात त्येनी कवा खाडा केलेला न्हाई म्हनत्यात."

या वेळी रिपोर्ट सात ओळींचा लिहिला. अर्थिंगला शेजारील घराच्या सांडपाण्याची कायमस्वरूपी सोय झाली आहे, आकडा अमुक, देखभालीसाठी विशिष्ट कर्मचाऱ्याची गरज नाही. त्यात शेडग्यांचं नाव कुठेच घातलं नाही. ज्याने चार उन्हाळे ते एक्स्चेंज अंगावरच्या पाण्याने जगवलं, त्याच्याबद्दल 'गरज नाही' असं मी लिहून टाकलं. सहावा अर्ज सोबत जोडला. साहेबांनी सात ओळी वाचल्या आणि सही केली.

बदलीचा हुकूम सप्टेंबरात आला. मी सकाळीच कोकरेवाडीला पोचलो. शेडग्यांची एक ट्रंक, एक वळकटी बांधून तयार होती. ते आत न्हाणीघरात होते. मी सांगितलेले ते चार दिवस सोडले तर चार वर्षांत पहिल्यांदा. बाहेर भिंतीच्या नळीतून पाणी येत होतं आणि रस्त्याच्या धुळीत पसरत होतं.

ते धोतर नेसून बाहेर आले आणि त्या ओल्या डागाकडे बघत उभे राहिले.

"लय गेलं की वो पानी," ते म्हणाले.

"जाऊ द्या मामा."

"रंगूचं आपरेशन झालं. तिच्या भावानं नेली सातारला, मागल्या पंधरवड्यात." त्यांनी ट्रंकेवर हात फिरवला. "मी असाय पायजे हुतो. न्हवतो. आता दिसतंय म्हनं तिला."

"चांगलं झालं ना."

"चांगलंच झालं. पर चार वर्सांनी बगील मला. असा कसा वाळला म्हनल." त्यांनी कोपराजवळ खरजेचे जुने डाग होते तिथे बाही खाली ओढली. "काय सांगू तिला, आंघुळीनं वाळलो?"

धोंडुबाई टँकरकडे निघाली होती. तिने घागर खाली न ठेवताच विचारलं, "निघाला का जोतिबादा?"

"निघालो."

"आता नदीत मनसोक्त न्हा रं बाबा. आमच्या फोनची काळजी करू नगंस."

एस.टी.ला अजून वेळ होता. शेडगे मागच्या बाजूला गेले. तरट बाजूला करून वाकले, दगड सरकवला आणि कोळशात बोट खुपसून पाहिलं. मग नानासोंच्या घराकडे तोंड करून त्यांनी हाक मारली.

"गुरुजी, आज फोनची पाळी हाय. बोळा बदला."