निवटीचा प्रश्नच नाही

नव्वदीच्या दशकात, वाशीला राहून एमएस्सी करत असताना, मी निवटीच्या मागे लागले होते. निवटी म्हणजे खाडीच्या चिखलात उड्या मारणारा, डोळे वटारलेला मासा. तिला कसली जागा आवडते ते संगणकाकडून काढायचं होतं. त्यासाठी निवटी दिसलेल्या जागा हव्यातच, शिवाय तुलनेला आजूबाजूच्या कुठल्याही, न निवडता घेतलेल्या जागाही हव्यात, असं सर म्हणाले. का ते मला धड कळलं नव्हतं.

मी खाडीच्या नकाशावर चौकटी आखल्या आणि आईने भिशीची चिठ्ठी काढावी तशा डब्यातून चाळीस चौकटींच्या चिठ्ठ्या काढल्या.

"सर, यांच्यात निवटी आहे की नाही ते कुठे लिहू?"

"चिखल, तिवरं, मिठागर, एवढंच लिही. तिथे निवटीचा प्रश्नच नाही."

प्रश्नच नाही म्हणजे नाहीच, असं माझ्या सुपीक डोक्याने ठरवलं. चाळीसही चौकटींपुढे ठसठशीत 'नाही' लिहिलं. सरांनी त्या यादीवर घाईत सही केली. खाडीत भराव कुठे टाकायचा हे ज्या कचेरीत ठरत होतं, तिथे एक प्रत गेली.

मग चौकटींमधला चिखल बघायला खाडीकाठच्या तळवलीला गेले. एक मावशी गुडघाभर चिखलात निवट्या पकडत होत्या. कागदावर काय लिवलंय, त्यांनी विचारलं. त्या उभ्या होत्या त्याच चौकटीपुढचं मी वाचून दाखवलं: निवटी नाही.

त्यांनी टोपली पुढे केली. आत निवट्या वळवळत होत्या.

"नाय कशी? माजं घर यावरच चालतं. तू बघाला कवा आल्तीस, बाय?"

आलेच नव्हते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हे ऐकून सरांनी कपाळाला हात लावला. "प्रश्नच नाही म्हणजे विचारायचाच नाही. न बघता नाही कसं म्हणशील?" दुरुस्तीचं पत्र त्याच दिवशी कचेरीला धाडलं. उत्तर आलं नाही.

पुढच्या वर्षी त्या चौकटीवर मुरूम पडला. ते आधीच ठरलं होतं की माझ्या 'नाही'मुळे झालं, मला अजून कळलेलं नाही. कचेरीत विचारलं तर तिघांनी तीन उत्तरं दिली.

मावशी नंतर रस्त्याकडेला भाजी विकताना दिसल्या. मी तोंड चुकवून निघाले होते, पण त्यांनी ओळखलं.

"ये बाय," त्या शांतपणे म्हणाल्या, "आता लिव. आता बरोबर हाय तुजं."