सोबत बघून मासे देणारी मावशी

मासोळी मावशीच्या दुकानातून मासे घेऊन येणं सोपं काम नव्हतं. दुसरे दुकानदार गिऱ्हाईक दिसलं की पिशवीत पाणी भरायला लागतात. मावशी आधी स्टूल पुढे सरकवायची. "बसा. टाकी केवढी हाये?" मग घरी कोण कोण असतं, टाकीवर ऊन येतं का, आधी मासे होते का, मेले तर कशाने मेले, अशी सगळी चौकशी व्हायची. एकदा माझ्यासमोरच एका तरुणाने मोटरसायकल बंदही न करता फर्मावलं, "दो गोल्डफिश, चार टायगर, एक फाइटर. पॅक कर दो."

मावशी जागची हलली नाही. "नहीं मिलेगा. साथ में नहीं रहेंगे."

"मेरे घर में रहेंगे, आपको क्या?"

"घर में तो तुम रहोगे, भैया. पानी में उनको रहना है."

तो चिडून निघून गेला. मावशीने पदराने काच पुसली आणि आतल्या माशांकडे बघत म्हणाली, "वाचले बिचारे."

तिचं दुकान गोंदियाच्या बाजारातल्या एका अरुंद गल्लीत होतं. दोन्ही भिंतींना काचेच्या टाक्या आणि मध्ये एक माणूस कसाबसा फिरेल एवढी जागा. मावशी मूळची नवेगाव बांधची, ढिवराच्या घरची. तिचे वडील तिथल्या तलावात जाळं टाकायचे. लग्नानंतर ती आणि तिचा नवरा गोरेगावच्या आठवडी बाजारात मासे विकायला बसत. नवरा गेल्यावर तिने तराजू दिराला देऊन टाकला आणि हे दुकान काढलं. असं का, म्हणून मी विचारलं तेव्हा ती सहज म्हणाली, "जलमभर मेलेली मासोरी तोलली. आता जित्ती पाहू दे." 'मासोळी' हा शब्द ती कायम 'मासोरी' असाच उच्चारायची.

मी तिच्याकडे पहिल्यांदा गेले ती बाबांसाठी. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, गोंदियालगत फुलचूरला राहते. आई गेल्यावर गोरेगावचं घर बंद करून बाबांना माझ्याकडे आणलं होतं. बाबांनी उभा जन्म एसटी चालवली. गाडीतल्या पन्नास माणसांचा कलकलाट ऐकत जगलेला हा माणूस माझ्या घरी दिवसभर भिंतीकडे बघत बसायचा. "जेवले?" "हो." "गोळी घेतली?" "हो." एवढंच आमचं बोलणं. दोनदा तर त्यांनी पिशवी भरून दारात चपला घातल्या होत्या. "मी गोरेगावले जाऊन राहिलो." तिथे कुलूप लागलेल्या घराशिवाय काही नव्हतं, हे त्यांनाही ठाऊक होतं. एका सहकारी बाईंच्या घरी मी माशांची टाकी पाहिली आणि वाटलं, भिंतीपेक्षा हे बरं.

मावशीने सगळं ऐकून घेतलं. दोन फुटांची टाकी दिली, जाळी दिली, पंप दिला. मासे मात्र दिले नाहीत. "पानी भर अन आठ दिवस पंप तसाच चालू दे. पानी मुरलं पाहिजे. मंग बाबाले घेऊन ये. त्याईच्यासाठी हाये ना? मंग पसंत तू काऊन करून राहिली?"

मला राग आला. बाबा कुठे येणार होते! मी तिसऱ्याच दिवशी दुसऱ्या एका दुकानातून दिसायला छान म्हणून एक पांढराशुभ्र एंजल आणि पाच पट्टेरी टायगर बार्ब आणून सोडले. दुकानदाराने एक शब्दही विचारला नाही. दोन दिवसांनी मी शाळेतून आले तर बाबा टाकीसमोर खुर्ची ओढून बसलेले. माझ्याकडे न बघताच त्यांनी आवाज चढवला.

"हे पट्टेवाले त्या पांढऱ्याले तोडून राहिले. दिसत नाई काय तुले? शेपटीच्या चिंध्या केल्या त्याच्या!"

कितीतरी दिवसांत त्यांच्या तोंडून निघालेली ही पहिली लांब वाक्यं होती. त्या बिचाऱ्या एंजलचं मला वाईट वाटायला हवं होतं, पण मला भरून आलं ते वेगळ्याच कारणाने. सगळे मासे पिशव्यांमध्ये घेतले आणि बाबांना ऑटोत बसवून मावशीकडे नेलं.

मावशी मला काही बोलली नाही. बोलली बाबांना. "तुमी डायवर ना? तुमच्या गाडीत असी मारामारी झाली असती तं काय केलं असतं?"

"उतरवलं असतं," बाबा म्हणाले.

"मंग उतरवू." तिने टायगर बार्ब आपल्या एका टाकीत सोडले, जखमी एंजलला वेगळं ठेवलं आणि बाबांना हाताला धरून टाक्यांसमोर फिरवलं. मासा घेताना तीन गोष्टी बघायच्या, हे तिने त्या दिवशी सांगितलं. त्याचं तोंड केवढं, कारण तोंडात मावेल ते तो खाणारच, त्यात त्याचा गुन्हा नाही. पाणी त्याला कोणतं लागतं, थंड की कोमट. आणि तो राहतो कुठे, वर, मधात की तळाशी. तिघं तीन मजल्यांवर राहणारे असले तर लहान टाकीतही कोणाला कोणाचा धक्का लागत नाही. बाबांनी तळासाठी मिशांचे तीन कोरी मासे पसंत केले, मधल्या पाण्यासाठी सहा इवले निऑन. "सहाच्या खाली नाई," मावशी म्हणाली, "एकटा निऑन घाबरून मरते." वरच्या पाण्यासाठी चार गप्पी, चारही नर. "मादी देली तं दोन महिन्यांत मॅडमचा वर्ग भरंल." एवढं ठरवूनही तिने पहिल्या दिवशी फक्त कोरी हातात ठेवले. बाकीचे पंधरा-पंधरा दिवसांनी.

"अन तो पांढरा?" बाबांनी विचारलं.

"तो मोठा झाला का निऑन गिळंल. तो माझ्यापासी राहू द्या. पाहाले येत जा."

आणि बाबा खरंच जायला लागले. आधी एंजलची शेपटी कुठवर भरून आली ते बघायला, एक दिवसाआड. मग रोज. शेपटी भरून आली तरी जाणं थांबलं नाही. रात्रीच्या जेवणात आमच्याकडे आता बातम्या असायच्या. आज मावशीने कोणाला परत पाठवलं, कोणत्या मोलीला पिल्लं झाली, कोणत्या टाकीचं पाणी गढुळलं. बाबा वरण ओरपत सांगायचे आणि मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहायचे.

एकदा मी उत्साहात मावशीला म्हटलं, "मावशी, माणसांचंही असं तोंड-पाणी बघून जुळवता आलं असतं तर!" तिला ते आवडलं नाही. "माणसाची गोष्ट काढू नको, बाई. माणसाले दार हाये. नाई जमलं तं तो निंगून जाते. मासोरीले दार नाई. म्हनून तिचा इचार आपन कराचा." नंतर तिच्यासमोर असली शोभेची वाक्यं मी कधी टाकली नाहीत.

तिच्या डोळ्यांचं पहिल्यांदा बाबांच्याच लक्षात आलं. एका टाकीतल्या माशांवर रोगाचे, मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके आले होते आणि मावशी त्याच टाकीसमोर उभी राहून गिऱ्हाइकाला म्हणत होती, "हे ताजे हायेत, न्या." गिऱ्हाईक गेल्यावर बाबांनी हळूच सांगितलं. मावशी काचेला नाक लावून बराच वेळ उभी राहिली. मग स्टुलावर बसली. "मले दिसले नाई, डायवरभाऊ. एकही दिसला नाई."

मी तिला नागपूरला डॉक्टरकडे घेऊन गेले. काचबिंदू होता, आणि पुष्कळ उशीर झालेला. गेलेली नजर परत येणार नव्हती, उरलेली थेंब टाकून जितकी टिकेल तितकी. परतीच्या गाडीत ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. एकदाच म्हणाली, "खोटा माल देला असता मी त्या मानसाले."

त्यानंतर वर्षभर बाबा तिचे डोळे झाले. सकाळी डबा घेऊन जायचे आणि एकेका टाकीसमोर उभं राहून तिला सांगायचे. तिसऱ्या टाकीतला गोरामी कोपऱ्यात बसून आहे. खालच्या टाकीत एकाचा पर मिटलेला आहे. ती विचारायची, श्वास कसा घेऊन राहिला, रंग कसा आहे. दोघांचं भांडणही व्हायचं, कारण बाबांना रंगांची नावं नीट येत नसत. "नारिंगी म्हंजे कसा? संत्र्यासारखा का विटेसारखा?" असं ती खेकसायची आणि बाबा पुन्हा वाकून बघायचे.

पण एक दिवस तिला बाबाही धूसर दिसायला लागले. तेव्हा तिने दुकान बंद करायचं ठरवलं. एका व्यापाऱ्याने सगळे मासे एकदम मागितले होते. तिने दिले नाहीत. महिनाभर एकेक घर शोधून, चौकशी करून, सोबत बघून तिने मासे वाटले. एंजल मोठी टाकी असलेल्या एका शिक्षकाकडे गेला. शेवटी उरला एक ऑस्कर. हातभर नव्हता, पण वीतभर नक्कीच. कोणीतरी हौसेने घेऊन, बाकीचे मासे त्याने खाल्ल्यावर, दुकानात आणून टाकला होता. तो एकटाच मोठ्या टाकीत राहायचा आणि त्याला खायला टाकलं की शेपटीने पाणी बाहेर उडवायचा. मावशी त्याला पाटील म्हणायची. त्याला कोणी घेईना.

मावशी नवेगाव बांधला भावाकडे जाणार होती. भाऊ म्हणाला, पाटलाला आणून तलावात सोडून दे. मावशी भडकली. "तलावात? आपल्या मासोऱ्या खाऊन टाकंल तो! हा परदेसी हाये, त्याले इथलं काय मालूम." भावाच्या अंगणात सिमेंटचं एक टाकं होतं. त्यात त्याला ठेवायचं ठरलं. पण न्यायचं कसं? बाबा म्हणाले, "एसटीनं."

एका रविवारी सकाळी आम्ही तिघं गोंदियाच्या स्थानकावर उभे होतो. बाबांच्या हातात झाकणाचा मोठा प्लास्टिकचा ड्रम, झाकणाला भोकं, वर बॅटरीचा छोटा पंप. कंडक्टरने विचारलं, "यात काय आहे?"

"पाटील," बाबा म्हणाले.

कंडक्टरने वाकून बघितलं, आतून पाण्याचा फटकारा बसला, आणि त्याने चेहरा पुसत तीन तिकिटं फाडली. बाबांनी तो ड्रम दोन्ही गुडघ्यांत धरला. गोरेगाव आलं. बाबांनी आमच्या गल्लीच्या दिशेने बघितलंही नाही, खड्डा आला की तेवढं ड्रायव्हरला ओरडायचे, "हळू बावा, हळू!" मावशी हसत होती. कोहमारा मागे पडलं, जंगल लागलं, आणि तिने खिडकीतून तोंड बाहेर काढून म्हटलं, "तलावाचा वास येऊन राहिला." मला काहीच येत नव्हता.

टाक्यात पाटील सोडला तेव्हा त्याने दोन चकरा मारल्या आणि तळाशी बसला. निघताना मावशीने बाबांच्या हातावर हात ठेवला. परतीच्या गाडीत बाबा रिकामा ड्रम मांडीवर घेऊन बसले होते. खाली ठेवा म्हटलं तरी ठेवला नाही.

मग दर रविवारी मावशीचा फोन यायचा. बाबा फोन स्पीकरवर ठेवून टाकीसमोर बसायचे आणि एकेक मासा सांगायचे. आणि मग विचारायचे, "पाटील कसा हाये?"

"मस्त हाये. आता त्यालेच चारून राहिली. लय खाते."

असं सव्वा वर्ष चाललं. मागच्या थंडीत एका रविवारी फोन आला तो तिच्या भावाचा. मावशी झोपेतच गेली होती.

तेराव्याला आम्ही गेलो. अंगणात टाकं कोरडं होतं, त्यात गोवऱ्या रचलेल्या. मी तिच्या भावजयीला विचारलं, मासा कुठे गेला? ती म्हणाली, "तो कोनता? तो तं आनला तेव्हाच, पंधरा दिवसांत मेला. बाईनं स्वतः आंब्याखाली पुरला. तुमाले सांगू नका म्हने. डायवरभाऊनं गुडघ्यात धरून आनला होता म्हने."

मी बाबांकडे बघितलं. त्यांना धक्का बसेल म्हणून घाबरले होते. ते शांतपणे आंब्याकडे बघत उभे होते.

"मले मालूम होतं," ते म्हणाले. "खायले टाकलं का तो पानी उडवे. फोनात एकदाही आवाज आला नाई."

"मग दर रविवारी विचारत काऊन होते, बाबा?"

बाबांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, आणि बराच वेळ तो डोळ्यांवर चढवला नाही.

"सांगताना तिचा आवाज किती चांगला होत जाये," ते म्हणाले. "तू आयकली नाई काय?"