बेडकी एकदाच अडली

ओपल रॅटलिफने पोटच्या पोराला स्वयंपाकघरात गोळी घातली, ही बातमी आमच्या स्टिलहाउस खोऱ्यात पेट्रोल पंपावर जन्माला आली. संध्याकाळी ती चर्चच्या आवारात पोचली तेव्हा पोराला मांडीत लागलं होतं. दुसऱ्या दिवशी शाळेच्या बसमध्ये गोळीने पोट गाठलं. रविवारी तर एका बाईने त्याच्या जिवासाठी प्रार्थना मागितली, आणि तो, वेस्ली रॅटलिफ, दोन राज्यं पलीकडे गॅसच्या पाइपलाइनवर वेल्डिंगचं काम करून सँडविच खात धडधाकट बसला होता.

खरं एवढंच, की गोळी सुटलीच नाही. ओपल मावशीने चाप ओढला होता, हे मात्र खरं. पिस्तूल म्हणालं, टक्.

ओपल मावशी म्हणजे शाळेच्या खानावळीत कुस्करलेले बटाटे वाढणारी. उभ्या खोऱ्यातल्या पोरांना ती नावाआधी, कोण किती पळ्या घेतं त्यावरून ओळखते. नवरा ऑर्विल कोळशाच्या खाणीत होता. खाणीने फुप्फुसं खाल्ली आणि तो गेला. मागे उरल्या त्याच्या दुखण्याच्या गोळ्या. त्या गोळ्यांसाठी आमच्याकडे लोक काय वाट्टेल ते करतात. ऑर्विल जाऊन महिना झाला नाही तोच मागचं दार खांद्याने ढकलून कुणीतरी आत शिरलं. पुन्हा शिरलं तेव्हा गोळ्या संपल्या होत्या, म्हणून मायक्रोवेव्ह घेऊन गेलं. मग मावशी हॉबर्टच्या दुकानात गेली आणि त्याच्याकडे होतं त्यातलं सगळ्यात स्वस्त, सगळ्यात लहान पिस्तूल घेऊन आली.

त्या पिस्तुलाला आमच्याकडे बेडकी म्हणतात. तळहातात मावते आणि गोळी सुटली की तळहातात उडी मारते. निम्म्या खोऱ्याकडे बेडकी आहे, आणि ज्याच्याकडे ती आहे त्याला तिच्याबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही.

“माझी? माझी कद्धी अडली नाही,” अर्लिस नाकातून सांगतो. अर्लिस पाणीखात्यात मीटर वाचतो आणि उरलेला वेळ हॉबर्टच्या दुकानात उभा असतो. “म्हणजे, ती चपट्या नाकाची काडतुसं सोडली तर. आणि थंडी सोडली तर. आणि तेल घालायचं राहिलं तर. पण तशी म्हणशील, तर कद्धी नाही.”

“मग अडायची राहिली कधी?” हॉबर्ट विचारतो.

“रविवारी!”

हॉबर्टचा आवाज विहिरीतून आल्यासारखा. त्याचं मत एकच, आणि ते तो गिऱ्हाइकाच्या मनगटाकडे बघत देतो. “पिस्तूल अडत नाही. मनगट अडतं. तू ढिला धरलास तर तिने उडी कशाच्या जोरावर मारायची? मेलेल्या माशासारखा हात घेऊन येता आणि मला म्हणता, हॉबर्ट, माल वाईट.”

आमच्याकडे नवं पिस्तूल सरळ घरात नेत नाहीत. आधी दुकानामागच्या चांदमारीवर, त्या मातीच्या बंधाऱ्यासमोर, काडतुसांची दोन खोकी न अडता रिकामी करायची. मध्ये एकदा जरी अडलं, तरी पुन्हा पहिल्यापासून. मग ते घरचं झालं. मावशीची बेडकी पहिल्याच फेऱ्यात घरची झाली. हॉबर्टने तिचं मनगट बघितलं आणि म्हणाला, “बाई, तू इतकी वर्षं वाढलेल्या बटाट्यांचं सार्थक झालं.”

पण अडायचं ते कधीतरी अडतंच, म्हणून हॉबर्टने तिला ते तीन शब्दही शिकवले. टक् झालं की विचार करायचा नाही. थोप, ओढ, पुन्हा. मॅगझिनच्या बुडावर खालून थोपटायचं, वरचा भाग मागे ओढून न उडालेलं काडतूस बाहेर टाकायचं, आणि पुन्हा चाप. डोक्याला विचारायला जायचं नाही, हाताने करून मोकळं व्हायचं. मावशीने ते शेगडीसमोर, शेंगा शिजत असताना, खोटी काडतुसं घालून इतकं घोटलं, की चर्चमध्ये भजनाच्या ठेक्यावरही तिच्या मांडीवर हात चालायचे. थोप, ओढ, पुन्हा.

गेल्या नोव्हेंबरात, हरणांच्या शिकारीचे दिवस होते. दिवसभर रानात बार निघत होते, त्यामुळे बाराकडे कुणी मान वळवत नव्हतं. पावसाने ओढा रस्त्यावर आला होता. वेस्लीने आईला न कळवता यायचं ठरवलं, गाडी खाली पुलाशी लावली आणि जॅकेटचं टोपडं डोक्यावर ओढून चालत वर आला. पुढच्या पायऱ्या मोडल्या होत्या म्हणून मागे गेला. मागचं दार ओलीने फुगलं होतं, म्हणून त्याने ते ढकललं. खांद्याने.

नुकताच अंधार पडला होता. मावशी टेबलाशी बटाटे सोलत होती. तिने दाराच्या फ्रेममध्ये टोपडं बघितलं. चेहरा बघितला नाही. बेडकी बटाट्यांच्या शेजारीच होती.

टक्.

लोक इथेच थांबतात. हॉबर्टच्या दुकानात गोष्ट इथे संपते आणि अर्लिस मांडीवर हात मारून हसतो. पण मावशीचे हात थांबले नव्हते. थोप. ओढ. न उडालेलं काडतूस फरशीवर पडलं आणि घरंगळत घरंगळत वेस्लीच्या बुटाला जाऊन टेकलं. तोवर नवं काडतूस आत बसलं होतं आणि बोट चापावर परतलं होतं. पुन्हा, एवढंच राहिलं होतं.

“मम्मी?” वेस्ली म्हणाला.

आमच्याकडे दाढीवाले बाप्येही आईला मम्मीच म्हणतात.

वेस्ली हसला. त्याचा स्वभावच तो. त्याने बुटापाशी पडलेलं काडतूस उचललं, दिव्याखाली धरलं, म्हणाला, “मेलेलं निघालं गं मम्मी. नशीब तुझं, स्वस्तातली घेतलीस.” मग बसून शेंगा आणि मक्याची भाकरी दोनदा घेऊन खाल्ली. मावशी बसली नाही. ती ओट्याला टेकून आपल्या हातांकडे बघत राहिली. किती छान शिकले होते ते.

सकाळी तिने त्याला जायला सांगितलं. तेव्हापासून तो घरात आलेला नाही. म्हणजे तिने येऊ दिलेला नाही. ती हायवेवरच्या ट्रकवाल्यांच्या हॉटेलात त्याला भेटते. तो पॅनकेक खातो, पाइपलाइनवरच्या साहेबांच्या गमती सांगतो, आणि ती त्याच्या शर्टाच्या तिसऱ्या बटणाकडे बघत असते.

“मम्मी, किती दिवस चालायचं हे?”

“सिरप घे,” मावशी म्हणते.

वेस्लीचं म्हणणं साधं आहे आणि सगळं खोरं त्याच्या बाजूने आहे: काडतूसच मेलेलं होतं. कारखान्यातूनच मेलेलं आलं होतं. मग घाबरायचं कशाला? मेलेल्या काडतुसाने कोण मरतं? मावशीलाही हेच हवं होतं. तसं असेल, तर त्या स्वयंपाकघरात घडलं काय, तर एका बाईने एका माणसावर लोखंडाचा तुकडा रोखला. पण काडतूस जिवंत असेल तर? तर त्या दिवशी तिच्या आणि पोराच्या मधे फक्त बेडकीची एक अडखळ होती. एवढंच एक तिला कळायला हवं होतं. ते कळल्याशिवाय त्या दारात तिला तो उभा राहिलेला सोसणार नव्हता.

आणि बेडकी नंतर अडेना. मावशी दर शनिवारी चांदमारीवर जायची. जगातली सगळी माणसं पिस्तूल अडू नये म्हणून झटतात. ही ते अडावं म्हणून झटायची. तेल न घालता, चपट्या नाकाची काडतुसं घालून, डाव्या हाताने, मनगट मेलेल्या माशासारखं लोंबतं सोडून. अर्लिसच्या बेडकीला जे जे सोसत नाही ते ते सगळं तिने केलं. बेडकी प्रत्येक वेळी टुणकन उडी मारून गोळी सोडायची.

“आज?” हॉबर्ट विचारायचा.

“नाही अडली,” मावशी सांगायची. दुखवट्याला आल्यासारख्या आवाजात.

“लोक असं पिस्तूल मिळावं म्हणून नवस करतात, ओपल.”

“मग घेऊन जा म्हणावं.”

टक् मात्र तिच्या मागे लागला. गाडीच्या पट्ट्याचा टक्. टोस्टरचा टक्. खानावळीत एखादं पोर पेनचं टोक आत-बाहेर करायला लागलं, की पळी ताटाच्या बाहेर पडायची. स्वयंपाकघरातल्या दिव्याचं बटण काढून तिने दोरी लावून घेतली. ते काडतूस तिने खिडकीत, निळ्या काचेच्या पेल्यात ठेवलं. बुडाच्या, ठिणगी पाडणाऱ्या टोपीवर पिस्तुलाच्या सुईचा बारीक खळगा होता, कणकेवर नख दाबावं तसा. ऊन आलं की ती ते पेल्यातून काढून खळग्याकडे बघायची. पुरेसा खोल होता का? की नव्हता? खळगा काही सांगायचा नाही.

यंदा थँक्सगिव्हिंगच्या आधी वेस्लीचा फोन आला. “टर्की मी आणतो. वाटल्यास पुलापासून गाणं म्हणत येतो. पण जेवण घरी. हॉटेलात नाही.”

मावशीने ‘बघते’ म्हणून फोन ठेवला. त्या शनिवारी तिने पेल्यातलं काडतूस रुमालात बांधून बरोबर घेतलं.

मी समोरच्या घरातली, शाळेच्या बसमध्ये सगळ्यांच्या नकला करणारी पोर. शनिवारी तिच्या गाडीतून मीही हॉबर्टकडे जाते, कारण नकला करायला तिथल्यासारखे आवाज उभ्या खोऱ्यात नाहीत.

हॉबर्टने काडतूस बोटांत फिरवलं. “बेडकीत घालू नकोस. तिथे नाही उडालं तर दोष कुणाचा ते पुन्हा कळायचं नाही. माझ्या म्हाताऱ्या तोफेत घाल, माप एकच आहे.” त्याने काउंटरखालून आपलं फौजेतलं जड पिस्तूल काढलं. “हिची सुई इतकी जोरात बसते, की काडतुसाऐवजी दाराची कडी घातली तरी उडेल. उडालं तर काडतूस जिवंत होतं. नाही उडालं तर मेलेलं.”

“मेलेलंच आहे,” अर्लिस म्हणाला. “आंधळ्यालाही दिसेल. टोपी बघ. माझ्या अनुभवात—”

“तुझ्या अनुभवात थंडी पण धर,” हॉबर्ट म्हणाला.

“मेलेलंच आहे, मावशी,” मीही म्हणाले. “पैज लाव.”

मावशीने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, “लावली. मेलेलं निघालं तर मी आत्ता इथून वेस्लीला फोन करते, घरी ये म्हणून.”

“आणि उडालं तर?”

“तर फोन तू करायचास. माझ्याच्याने त्याला ते सांगवणार नाही. माझ्या आवाजात सांगायचं. बसमध्ये काढतेस तो.”

बसमधलं तिला ठाऊक होतं हे मला ठाऊक नव्हतं. अर्लिसने छताकडे बघितलं. मी हो म्हणाले. मेलेल्या काडतुसावर पैज लावायला कुणाला भीती वाटते?

आम्ही मागे बंधाऱ्यापाशी गेलो. कागद हॉबर्टने लावला. कान झाकून आम्ही तिच्या मागे उभे राहिलो. ती नेहमी उभी राहते तशीच उभी राहिली, खांदे उतरते, पाय जरा फाकलेले, बटाटे वाढताना असतात तसे. ओठ हलत होते. काय म्हणत होती ते कळलं नाही. प्रार्थना असेल, किंवा ते तीन शब्द.

बार निघाला.

बंधाऱ्यावरची माती थोडी सांडली. कागदाला बरोबर मध्ये भोक होतं. तांब्यासारखं चमकतं रिकामं नळकांडं हॉबर्टच्या बुटापाशी येऊन थांबलं आणि तो बाजूला सरकला, जणू ते चावेल.

मावशीने पिस्तूल शिकवल्यासारखं, तोंड बंधाऱ्याकडे करून, फळीवर ठेवलं.

“मनगट घट्ट होतं ना, हॉबर्ट?”

“होतं,” हॉबर्ट विहिरीतून म्हणाला.

“त्या दिवशीही होतं,” ती म्हणाली आणि फोन माझ्यापुढे धरला.

मी नंबर लावला. घंटा वाजत असताना घसा साफ केला, हनुवटी खाली घेतली, शब्द जरा लांबवले. ओपल मावशी म्हणजे माझी सगळ्यात बेमालूम नक्कल. तिची सख्खी बहीण एकदा फसली होती.

“मम्मी?” वेस्ली म्हणाला.

“वेस्ली, बाळा,” मी तिच्या आवाजात म्हणाले, “ते काडतूस आज उडालं बघ.”

पलीकडे वारा होता, कसलं तरी यंत्र चालू होतं. मग तो आमच्याकडच्या कुणीही विचारलं असतं तेच विचारता झाला. “कशातून?”

“हॉबर्टच्या पिस्तुलातून.”

यंत्र बंद झालं. तो हसेल म्हणून मी वाट बघत होते. तो हसला नाही.

“कोण बोलतंय?” तो म्हणाला. “तू मम्मी नाहीस. मम्मी कुठाय? तिला दे.”

मावशी मागून ऐकत होती. तिने फोन माझ्या हातातून काढून घेतला, आमच्याकडे पाठ केली आणि बंधाऱ्याच्या कडेकडेने चालत दूर गेली.

“हो, उडालं,” तिचा आवाज आला. खरा. माझ्यापेक्षा किती तरी हळू आणि खरखरीत. “माझ्याच हातून... हो. जिवंत होतं... नाही रे, रडत नाही मी... ऐकतेयस ना म्हणून काय विचारतोस, ऐकतेय.” मग ती बंधाऱ्याच्या टोकापर्यंत जाऊन परत फिरली. “दिवसा ये,” ती शेवटी म्हणाली. “टर्कीचं राहू दे. उजेड असताना ये, आणि टोपडं घालू नकोस.”

हॉबर्टने वाकून नळकांडं उचललं, ते अजून कोमट होतं, आणि माझ्याकडे बघत खिशात टाकलं. पैज मी हरले होते आणि मला ती धड फेडताही आली नव्हती.